ग्राफ अल्गोरिदम कसे शिकावेत: दिवा जंक्शनपासून सुरुवात

शाळेत आलेख म्हटले की चौकटींचा कागद, क्ष आणि य अक्ष आणि त्यांवरून जाणारी रेषा डोळ्यांसमोर येते. प्रोग्रॅमिंगमधील ग्राफचा त्या आलेखाशी काहीही संबंध नाही. येथे ग्राफ म्हणजे काही बिंदू आणि त्यांतील काही जोड्यांना जोडणारे दुवे, एवढेच. मराठी परिभाषेत त्यांना शिरोबिंदू आणि कडा असे शब्द आहेत. परंतु वर्गात आणि कामाच्या ठिकाणी सर्वत्र नोड आणि एज हेच शब्द चालतात, म्हणून या लेखातही तेच वापरले आहेत.

या विषयाचा उगम लिओनार्ड ऑयलर यांच्या १७३६ सालच्या कामात मानला जातो. क्योनिग्सबर्ग शहरातील सात पुलांवरून, प्रत्येक पूल एकदाच ओलांडून, फिरता येईल का, असा प्रश्न होता. ऑयलर यांनी पुलांची लांबी, नदीचे वळण, रस्त्यांची रचना हे सर्व बाजूला सारले आणि जमिनीचे चार तुकडे व त्यांना जोडणारे सात दुवे एवढेच शिल्लक ठेवले. चारही तुकड्यांना मिळणाऱ्या पुलांची संख्या विषम होती आणि असे फिरणे शक्य होण्यासाठी विषम ठिकाणे एक तर नसावी लागतात किंवा नेमकी दोन असावी लागतात. म्हणून उत्तर ‘नाही’ असे आले. शिकणाऱ्याने यातून घ्यायची गोष्ट निकालापेक्षा ती काटछाट आहे. समोरच्या प्रश्नातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ज्याला कळले, त्याचे निम्मे काम झाले. अल्गोरिदम पाठ असूनही गणित सुटत नाही, असे म्हणणारे विद्यार्थी बहुधा याच पायरीवर अडलेले असतात.

सुरुवात करण्यापूर्वी ॲरे, क्यू, स्टॅक, हॅश टेबल आणि रिकर्शन या गोष्टी हाताखालच्या असाव्यात. विशेषतः रिकर्शन कच्चे असेल तर आठवडाभर तेच करावे, कारण ग्राफ आणि रिकर्शन दोन्ही एकाच वेळी शिकू पाहणाऱ्याला चूक नेमकी कोठे झाली हेच उमगत नाही.

त्यानंतर संगणक बंद ठेवून वही उघडावी आणि ओळखीचा एक लहान ग्राफ काढावा. मी नेहमी मुंबई उपनगरी रेल्वेवरचे दिवा जंक्शन घेतो. दिव्याहून ठाणे सुमारे ९ किलोमीटर, कल्याण ११, पनवेल २६ आणि वसई रोड ४२ किलोमीटर. पुढे कल्याण ते कर्जत ४६ आणि पनवेल ते कर्जत २८ किलोमीटर. आकडे गोल केलेले आहेत आणि मधली स्थानके व इतर मार्ग मुद्दाम गाळले आहेत. सहा नोड आणि सहा एज असलेला हा ग्राफ पुढे बराच काळ उपयोगी पडेल.

हा ग्राफ संगणकात साठवण्याच्या दोन सरळ पद्धती आहेत. पहिलीत प्रत्येक नोडच्या जोडीसाठी तक्त्यात एक घर असते, म्हणजे सहा स्थानकांसाठी ३६ घरे. हिला अ‍ॅडजेसन्सी मॅट्रिक्स म्हणतात. दुसरीत प्रत्येक नोडपुढे फक्त त्याच्या शेजाऱ्यांची यादी ठेवली जाते आणि ती अ‍ॅडजेसन्सी लिस्ट होय. सहा नोडना कोणतीही पद्धत चालेल. मात्र नोड १ लाख आणि एज २ लाख असतील तर मॅट्रिक्सला १,००० कोटी घरे लागतात, म्हणजे घरामागे एक बाइट धरला तरी सुमारे १० गिगाबाइट मेमरी; तेच काम यादीत ४ लाख नोंदींत होते, कारण दुहेरी मार्गाची प्रत्येक एज दोन्ही टोकांच्या यादीत एकदा येते. नवशिक्याने आधी यादीचीच सवय लावावी. प्रत्येक नोडपासून प्रत्येक नोडकडे एज असलेल्या दाट ग्राफसाठी किंवा काहीशे नोडच्या प्रश्नासाठी मॅट्रिक्स योग्य असते, परंतु असे प्रसंग कमी येतात.

पहिला अल्गोरिदम ब्रेड्थ फर्स्ट सर्च, म्हणजे बीएफएस, हाच घ्यावा. सुरुवातीचा नोड क्यूमध्ये घालायचा, क्यूच्या पुढच्या टोकाचा नोड काढायचा आणि त्याचे पूर्वी न पाहिलेले शेजारी मागच्या टोकाला उभे करायचे, एवढीच त्याची कृती आहे. दिव्यापासून सुरू केल्यास पहिल्या थरात ठाणे, कल्याण, पनवेल आणि वसई रोड येतात आणि दुसऱ्या थरात कर्जत. बीएफएस एजची संख्या मोजतो, किलोमीटर मोजत नाही. त्यामुळे त्याच्या दृष्टीने ठाणे आणि वसई रोड दिव्यापासून सारख्याच अंतरावर आहेत.

येथे एका चुकीकडे थांबून पाहणे आवश्यक आहे, कारण ती मी स्वतः केली आहे आणि तिने माझी एक पूर्ण संध्याकाळ खाल्ली आहे. नोडला ‘पाहिला’ अशी खूण तो क्यूमध्ये घालताना करावी, बाहेर काढताना नव्हे. वरच्या ग्राफमध्ये खूण बाहेर काढताना केली तर कल्याणही कर्जतला रांगेत उभे करते आणि पनवेलही, कारण तोपर्यंत कर्जतवर खूण झालेली नसते. येथे केवळ एक जादा नोंद होते, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. पण चौकटींच्या पटावर, जेथे प्रत्येक घर नोड असते, तेथे एखादे घर जितक्या लघुतम मार्गांनी गाठता येते तितक्या वेळा ते क्यूमध्ये शिरते. सुरुवातीपासून १० घरे उजवीकडे आणि १० घरे खाली असलेल्या घराकडे जाणारे असे मार्ग १,८४,७५६ आहेत. माझा प्रोग्रॅम ५ गुणिले ५ च्या पटावर अचूक उत्तर देत होता आणि ३० गुणिले ३० च्या पटावर संगणकाची सगळी मेमरी गिळून थांबत होता. उत्तर बरोबर येत असल्यामुळे मी बराच वेळ दोष भलतीकडेच शोधत राहिलो. पायथन वापरणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे: साध्या लिस्टच्या पुढच्या टोकातून घटक काढला की उरलेले सर्व घटक एकेक जागा सरकतात, म्हणून क्यूसाठी लिस्ट न वापरता ‘डेक’ वापरावा.

बीएफएस हाताशी आला की त्याचे एक छोटे रूपांतर लगेच करून पाहावे. सुरुवातीला क्यूमध्ये एकाऐवजी अनेक नोड, सर्वांचे अंतर शून्य धरून, घातले तर प्रत्येक नोडपासून सर्वांत जवळच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर एकाच फेरीत मिळते. आग अनेक ठिकाणी एकदम लागली आहे आणि ती प्रत्येक मिनिटाला एक घर पसरते, या धाटणीचे सर्व प्रश्न यातच मोडतात.

डेप्थ फर्स्ट सर्च, म्हणजे डीएफएस, दिसायला बीएफएसपेक्षा सोपा आहे, कारण रिकर्शनच्या चार-पाच ओळींत तो लिहून होतो. त्याचा खरा उपयोग मात्र उशिरा कळतो. एकच वाट शेवटपर्यंत धरायची, पुढे जागा उरली नाही की एक पाऊल मागे यायचे आणि दुसरी वाट घ्यायची, ही त्याची रीत आहे. ग्राफचे किती वेगळे तुकडे आहेत हे मोजणे, चक्र, म्हणजे निघालेल्या नोडवर परत आणणारी वाट, शोधणे आणि ट्रीमधील, म्हणजे चक्र नसलेल्या एकसंध ग्राफमधील, प्रत्येक फांदीचा आकार काढणे ही त्याची रोजची कामे होत. यांतील चक्र शोधण्याचे काम नीट समजून घ्यावे. एज एकेरी असतील तर ‘पाहिला’ आणि ‘न पाहिलेला’ एवढ्या दोनच खुणा पुरत नाहीत. क पासून ख आणि ग कडे, आणि त्या दोघांपासून घ कडे वाट जात असेल तर घ दोनदा भेटतो, पण तेथे चक्र मुळीच नाही. म्हणून तीन खुणा ठेवाव्यात: अद्याप न भेटलेला, सध्याच्या वाटेवर असलेला आणि काम संपलेला. यांपैकी ‘सध्याच्या वाटेवर असलेला’ नोड पुन्हा भेटला तरच चक्र आहे. दुहेरी एजच्या ग्राफमध्ये हा नियम वेगळा होतो, कारण तेथे आलो त्याच एजने मागे पाहणे हे चक्र धरायचे नसते.

पायथनमध्ये रिकर्शनची मर्यादा मुळात १,००० ठेवलेली असते, त्यामुळे १ लाख नोडची सरळ साखळी मिळाली की प्रोग्रॅम कोसळतो. मर्यादा वाढवणे हा तात्पुरता इलाज आहे. स्वतःचा स्टॅक ठेवून डीएफएस लिहिता येणे हेच पक्के.

यानंतर टोपोलॉजिकल सॉर्ट घेणे सोयीचे पडते. एक्सेलच्या तक्त्यात एका घराचे सूत्र दुसऱ्या घरांवर अवलंबून असते; मग कोणते घर आधी मोजायचे? प्रत्येक घर नोड मानून, ज्यावर ते अवलंबून आहे त्या घराकडून त्याच्याकडे एज काढावी. ज्या नोडकडे एकही एज येत नाही तो आधी मोजता येतो. तो मोजून झाला की त्याच्यापासून निघणाऱ्या एज खोडाव्यात आणि पुन्हा तसाच नोड शोधावा. आर्थर कान यांनी १९६२ मध्ये मांडलेली पद्धत हीच. काही नोड शिल्लक असताना असा एकही नोड सापडेनासा झाला तर ग्राफमध्ये चक्र आहे, आणि सूत्रे एकमेकांवर फिरून अवलंबून आहेत अशी सूचना एक्सेल देते ती याच परिस्थितीत.

आता पुन्हा दिव्याला यावे, कारण किलोमीटर मोजायची वेळ आली आहे. एट्सखर डायक्स्ट्रा यांना १९५६ मध्ये सर्वांत कमी अंतराची वाट काढणारा अल्गोरिदम अ‍ॅमस्टरडॅममधील एका कॅफेच्या बाहेरील बैठकीत सुमारे वीस मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय सुचला, असे त्यांनीच पुढे सांगितले. तो प्रसिद्ध झाला १९५९ मध्ये. आपण मात्र कागद घेऊनच बसावे. प्रत्येक नोडचे आतापर्यंत कळलेले सर्वांत कमी अंतर लिहून ठेवायचे आणि प्रायॉरिटी क्यूमधून दर वेळी सर्वांत कमी अंतराचा नोड काढायचा. दिव्याहून निघताना क्यूमध्ये ठाणे ९, कल्याण ११, पनवेल २६ आणि वसई रोड ४२ आहेत. प्रथम ठाणे निघते आणि तेथून नवे काही मिळत नाही. मग कल्याण निघते आणि कर्जतसमोर ११ अधिक ४६, म्हणजे ५७ लिहिले जाते. घाईत असणारा विद्यार्थी येथेच उत्तर सांगून मोकळा होतो. पण कर्जतचा आकडा अजून पक्का झालेला नाही, कारण ५७ ची नोंद क्यूमधून बाहेर आलेली नाही. पुढे २६ वर पनवेल निघते, २६ अधिक २८ मिळून ५४ होतात आणि कर्जतसमोरचा आकडा बदलतो. नंतर वसई रोड ४२ वर आणि शेवटी कर्जत ५४ वर पक्के होते. क्यूमध्ये राहून गेलेली ५७ ची जुनी नोंद निघेल तेव्हा लिहिलेल्या अंतराशी ताडून पाहावी आणि ती मोठी असल्यामुळे टाकून द्यावी. ही एक ओळ विसरल्यामुळे मंद झालेले प्रोग्रॅम पुष्कळ पाहायला मिळतात.

क्यूमधून निघालेला नोड पक्का का मानायचा, याचे उत्तर स्वतःच्या शब्दांत वहीत लिहावे. क्यूमध्ये उरलेली प्रत्येक नोंद तेवढीच किंवा त्याहून मोठी असते आणि पुढे कोणतीही एज जोडली तरी अंतर कमी होत नाही, म्हणून. या वाक्याचा उत्तरार्ध ऋण एज आल्या की कोसळतो. क ते ख २, क ते ग ५ आणि ग ते ख उणे ४ असा ग्राफ घ्यावा. डायक्स्ट्रा ख ला २ वर पक्का करतो, खरे उत्तर मात्र १ आहे. सर्व एजमध्ये ४ मिळवून ऋण आकडे घालवण्याची युक्ती बहुतेकांना सुचते. तसे केल्यास थेट वाट ६ आणि ग वरून जाणारी ९ होते, म्हणजे चुकीची वाट जिंकते, कारण ज्या वाटेवर एज जास्त तिच्यावर भारही जास्त पडतो. अशा ठिकाणी बेलमन-फोर्ड वापरावा: सर्व एज एकामागून एक तपासून अंतरे सुधारायची आणि नोडच्या संख्येपेक्षा एक कमी इतक्या फेऱ्या करायच्या. त्यानंतरच्या फेरीतही एखादे अंतर घटले तर सुरुवातीपासून गाठता येणारे ऋण चक्र, म्हणजे एकूण बेरीज ऋण असलेले चक्र, ग्राफमध्ये आहे. सर्व जोड्यांमधली अंतरे हवी असतील आणि नोड चारशे-पाचशेच्या आत असतील तर फ्लॉइड-वॉर्शल पुरेसा आहे. त्याच्या तीन लूपपैकी मधल्या थांब्याचा लूप सर्वांत बाहेर असलाच पाहिजे, एवढे मात्र विसरू नये.

मिनिमम स्पॅनिंग ट्री, म्हणजे सर्व नोड एकमेकांना जोडणारा सर्वांत स्वस्त एजचा संच, यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. आजच्या चेक प्रजासत्ताकातील मोराव्हियात विजेचे जाळे कमी खर्चात कसे टाकावे या प्रश्नातून ओटाकार बोरुव्का यांनी १९२६ मध्ये पहिली पद्धत दिली. आज सर्वप्रथम शिकवली जाते ती जोसेफ क्रुस्कल यांची १९५६ सालची. एज स्वस्तापासून महागाकडे लावायच्या आणि जी एज दोन वेगळ्या तुकड्यांना जोडते तीच घ्यायची. दोन नोड एकाच तुकड्यात आहेत की नाहीत हे झटकन सांगणारी युनियन-फाइंड ही रचना येथे शिकायला मिळते आणि क्रुस्कलपेक्षाही तीच पुढे अधिक कामाला येते.

हे सर्व झाल्यावर नकाशासारखे न दिसणारे प्रश्न घ्यावेत. शेतकऱ्याला वाघ, शेळी आणि गवताची पेंढी नदीपार न्यायची आहे आणि होडीत त्याच्याबरोबर एकच मावते, हे कोडे आपण लहानपणी ऐकलेले असते. येथे नोड म्हणजे काठ नव्हे. चौघांपैकी कोण कोणत्या काठावर आहे याची संपूर्ण स्थिती म्हणजे एक नोड. चौघे आणि दोन काठ म्हणून स्थिती १६ होतात. शेळी वाघाबरोबर किंवा गवताबरोबर शेतकऱ्याविना राहते अशा ६ वगळल्या की १० उरतात. होडीची एक फेरी म्हणजे एक एज. या १० नोडवर बीएफएस चालवला की ७ फेऱ्या हे उत्तर मिळते आणि कोडे सोडवायला हुशारीची गरजच उरत नाही. नोड म्हणजे ‘पुढचे पाऊल ठरवण्यासाठी जेवढे माहीत असावे लागते तेवढे सगळे’, ही व्याख्या या उदाहरणावरून मनात बसते.

सरावासाठी फिनलंडमध्ये तयार झालेल्या ‘सीएसईएस’ या विनामूल्य प्रश्नसंचातील ग्राफ विभाग मला सर्वांत शिस्तबद्ध वाटतो. ‘काउंटिंग रूम्स’, ‘लॅबिरिंथ’, ‘मेसेज रूट’ या क्रमाने जावे आणि ‘मॉन्स्टर्स’ पर्यंत पोहोचल्यावर अनेक सुरुवातींचा बीएफएस आठवावा. प्रत्येक प्रश्नासाठी प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वी नोड कोणते, एज कोणत्या, एज एकेरी की दुहेरी आणि त्यांना वजन, म्हणजे अंतर किंवा खर्चाचा आकडा, आहे की नाही, हे चार ओळींत लिहून काढावे. तासाभरात काहीच सुचले नाही तर उत्तर वाचावे, परंतु ते मिटून दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानावरून पुन्हा लिहावे. चूक सापडत नसेल तर डोळे ताणत बसण्याऐवजी पाच-सहा नोडचे शेकडो ग्राफ यादृच्छिकपणे तयार करून आपला डायक्स्ट्रा फ्लॉइड-वॉर्शलशी ताडून पाहावा. दोघांची उत्तरे जेथे वेगळी येतात तो लहानसा ग्राफ कागदावर काढला की चूक बहुधा पाच मिनिटांत हाती लागते.

तयारी कितपत झाली हे पाहण्यासाठी दिव्याच्याच ग्राफवर एक प्रश्न घ्यावा. दिव्याहून कर्जतला जायचे आहे आणि एक कूपन मिळाले आहे, ज्यामुळे कोणत्याही एकाच टप्प्याचे अंतर निम्मे धरले जाईल. सर्वांत कमी अंतर आधी काढून त्यातला मोठा टप्पा निम्मा करणारा विद्यार्थी पनवेलची वाट धरतो आणि २६ अधिक १४, म्हणजे ४० असे उत्तर देतो. तसे न करता प्रत्येक स्थानकाचे दोन नोड करावेत, एक कूपन हाती असतानाचा आणि दुसरा ते वापरून झाल्यानंतरचा. दोन्ही थरांत नेहमीच्या एज ठेवाव्यात आणि पहिल्या थरातून दुसऱ्यात जाणाऱ्या एज निम्म्या वजनाच्या घ्याव्यात. या १२ नोडवर तोच डायक्स्ट्रा, एकही ओळ न बदलता, चालवला की कल्याणची वाट पुढे येते: ११ अधिक २३, एकूण ३४.